वाटाड्याची परीक्षा

‘ध’ चा ‘मा’ झाल्याची आख्यायिका आपणांपैकीं कोणास ठाऊक नाहीं? १७७३ सालीं नारायणराव पेशव्यांचा वध झाला, तो पत्रांतील ‘धरावें’ या शब्दाचें कोणीं तरी ‘मारावें’ केल्यामुळें, असें परंपरा सांगते. ती खरी असो वा नसो, तिच्यांतील मर्म खरें आहे. आज्ञा पाळणारा जितका तत्पर, तितका खोट्या आज्ञेनें होणारा घात मोठा. आजची मोटार अशीच तत्पर आहे. सुमारें २०,००० किलोमीटर उंचीवरील उपग्रहांचे संदेश ऐकून ती आपला ठावठिकाणा ठरविते. पण संदेश खरोखर उपग्रहाचाच आहे काय, हें ती सहसा विचारीत नाहीं.

या भोळेपणाचें मूळ इतिहासांत आहे. जी. पी. एस.चा पहिला उपग्रह अमेरिकेनें १९७८ सालीं सोडला, तो सैन्याच्या सोयीकरितां. १९८३ सालीं वाट चुकलेलें कोरियाचें प्रवासी विमान सोव्हिएत विमानानें पाडलें व २६९ माणसें प्राणांस मुकलीं. त्यानंतर अध्यक्ष रेगन यांनीं ही विद्या जगास मोकळी करण्याचें जाहीर केलें. सैन्याचा संदेश सांकेतिक राहिला. लोकांस मिळालेला मात्र उघडा, सहीशिक्क्यावांचूनचा होता. शिवाय तो इतका क्षीण, कीं जवळच्या लहानशा यंत्राचा आवाजही त्याला दडपून टाकतो.

२०१३ सालीं टेक्सास विद्यापीठाचे टॉड हंफ्रीज व त्यांचे विद्यार्थी यांनीं परवानगी घेऊन, इटलीनजीकच्या समुद्रांत ६५ मीटर लांबीची एक नौका बनावट संदेशांनीं मार्गावरून ढळविली. धोक्याची एकही घंटा वाजली नाहीं. पुढें २०१८ सालीं संशोधकांनीं ४० जणांस मोटारीच्या कृत्रिम प्रतिकृतींत बसवून तीच परीक्षा घेतली. त्यांपैकीं ३८ जण भलत्याच ठिकाणीं गेले. तेव्हां फसतें तें केवळ यंत्र नव्हे! २०१९ च्या मार्चमध्यें जिनीव्हाच्या प्रदर्शनांतील कित्येक नव्या मोटारी आपण इंग्लंडांतील बकिंगहॅम येथें, आणि तेंही २०३६ सालीं, असल्याचें दाखवूं लागल्या, तेव्हां लोक हंसले असतील. परंतु ज्या मोटारी आपलें स्थान एकमेकींस कळवितात, त्यांच्यांत एकीची चूक अनेकींची होते, हें हंसण्यासारखें नाहीं.

म्हणूनच आतां मोटारीस रेडिओलहरी बाहेर न जाऊं देणाऱ्या खोलींत ठेवून मुद्दाम खोटें सांगतात, आणि ती चाकांची गति व वळणें यांच्याशीं तें ताडून पाहते कीं नाहीं, हें तपासतात. अशा धोक्यांची जबाबदारी निर्मात्यावर ठेवणारा संयुक्त राष्ट्रांचा नियम २०२० सालीं संमत झाला. युरोपच्या गॅलिलिओ उपग्रहांनींही आपल्या संदेशावर पडताळतां येणारी खूण उमटविण्यास आरंभ केला आहे.

परीक्षा घेणें म्हणजे अविश्वास दाखविणें, असें आपल्याकडे पुष्कळांस वाटतें. आम्हांस तसें वाटत नाहीं. ज्याच्या हातीं मुलाबाळांसह आपला जीव द्यावयाचा, त्या वाटाड्यास एकदां तरी फसवून पाहणें हें शहाणपणाचेंच लक्षण होय.