तानसेकाठची कुंडे आणि एक प्रवासकथा

एलिझाबेथ गिल्बर्ट यांचे २००६ साली प्रसिद्ध झालेले 'ईट, प्रे, लव्ह' हे आत्मशोधाचे प्रवासवर्णन मी मोठ्या उत्कंठेने हाती घेतले; कारण इटली आणि इंडोनेशिया यांच्या मधले चार महिने बाईंनी मुंबईपासून काही तासांवरच्या ज्या आश्रमात घालविले, त्याचे नाव त्यांनी दिलेले नसले, तरी तो गणेशपुरीचा असावा असा वाचकांचा सर्वसाधारण समज आहे, आणि वज्रेश्वरी-गणेशपुरीचा तो टापू मला लहानपणापासून परिचयाचा. जपमाळेच्या मण्यांप्रमाणे १०८ प्रकरणे गुंफलेले ते पुस्तक मिटले तेव्हा मन उदास झाले. आश्रमाची फरशी घासताना लग्नाच्या धास्तीने बोलू लागलेली तुलसी ही मुलगी ज्या पानांवर येते, ती पाने जिवंत आहेत. परंतु तुलसी ज्या मुलखात राहते तो मुलूख पुस्तकात कुठेच नाही, याची मला खंत वाटली.

वास्तविक तेथे इतिहास पावलोपावली आहे. वज्रेश्वरीचे मूळ स्थान वाड्याकडील गुंज येथले. फिरंग्यांच्या अमलात त्याचा विध्वंस झाला आणि देवी वडवलीस आली. पुढे वसईच्या मोहिमेवर असताना चिमाजीअप्पांनी, किल्ला हाती आल्यास देवालय बांधीन, असा नवस केला, ही देवस्थानची परंपरा; १७३९ च्या मे महिन्यात वसई पडली, आणि उंच चढत गेलेल्या दगडी पायऱ्यांच्या माथ्यावर, गढीसारख्या तटाच्या आत, मंदिर उभे राहिले. प्रवेशद्वारावरील नगारखाना बडोद्याच्या गायकवाडांचा. वैयक्तिक मुक्तीसाठी नव्हे, तर सबंध प्रांताच्या सुटकेसाठी बोललेल्या नवसाची ही वास्तू आहे.

तिच्याहून पुरातन ती तानसेकाठची उन्हाळी, म्हणजे गरम पाण्याची कुंडे. देवीने मारलेल्या दैत्यांच्या रक्ताचेच हे ऊन पाणी झाले, असे तिकडचे लोक सांगतात. एकदा भल्या पहाटे मी गणेशपुरीच्या कुंडावर होतो. गंधकाच्या वासाने भरलेल्या वाफेत एक म्हातारी सुजलेले गुडघे दोन्ही हातांनी धरून पायरीवर बसली होती. आधी टाचा, मग पोटऱ्या, मग गुडघे, अशी ती हळूहळू पाण्यात उतरली, आणि तिची सून वरून तांब्याने तिच्या पाठीवर पाणी घालीत राहिली. दोघींत एक शब्द झाला नाही.

याच कुंडांपाशी १९३० नंतरच्या दशकात केरळातून, दक्षिण कानडातून भ्रमण करीत आलेले नित्यानंद स्थिरावले. लंगोटीवर राहणाऱ्या, क्वचितच बोलणाऱ्या या पुरुषाने आसपासच्या आदिवासी पोरांना जेवू घालण्याचा परिपाठ ठेवला. १९६१ च्या ऑगस्टात त्यांनी देह ठेवला. बालभोजनाची ती प्रथा मात्र पुढे चालू राहिली. एवढी भटकंती केलेल्या या माणसाने स्वतःच्या प्रवासाविषयी काही लिहून ठेवले नाही. मंगळुरास असताना त्यांच्या तोंडून निघालेली वचने भक्तांनी टिपून घेतली, तेवढीच. पहिल्या पंगतीत बसलेल्या पोरांची नावेही कोणी लिहून ठेवलेली मला आढळली नाहीत, आणि मी गिल्बर्टबाईंच्या पुस्तकात नकळत शोधीत होतो ती तीच नावे.