छत्तीस तासांची डोंगरवाट

कार्तिक महिना सरूं लागला आणि पहांटेच्या हवेंत गारवा आला म्हणजे पुण्यामुंबईकडील हौशी मंडळी पाठीवर पडशी टाकून सिंहगड, राजगड किंवा कळसूबाईची वाट धरतात. चार मित्र, एक दोर, थोडा शिधा आणि चांदणी रात्र एवढें जमलें कीं त्यांस दुसरें कांहीं नको असतें. चढतांना दमछाक होते, क्वचित् वाटही चुकते; पण खालच्या गांवांत पोंचल्यावर गरम चहा मिळेल ही खात्री असते, आणि म्हणूनच त्या कष्टांत गोडी असते. परंतु इतिहासांत अशी एक डोंगरवाट नमूद आहे कीं, तीही हिंवाळ्याच्या आरंभींचीच होती, तीही चांदण्यांतच सुरू झाली, आणि तिजवरूनही तिघे सोबतीच चालले. मात्र ते सुखरूप पोंचतात कीं नाहीं, यावर मागें राहिलेल्या पंचवीस माणसांचे प्राण अवलंबून होते.

ही वाट दक्षिण अटलांटिक महासागरांतील साउथ जॉर्जिया नांवाच्या बेटावरची. आणि तिचा काळ १९ व २० मे १९१६ हा होय. मे महिन्यांत हिंवाळा कसा, असें एखाद्यास वाटेल. पण विषुववृत्ताच्या दक्षिणेस ऋतुचक्र आपल्या उलट चालतें. आपल्याकडे आंबे पिकतात तेव्हां तिकडे बर्फ पडूं लागतें. हें बेट सुमारें शंभर मैल लांब असून त्याच्या पाठीच्या कण्याप्रमाणें हिमाच्छादित पर्वतांची रांग उभी आहे. तींतील माउंट पॅजेट हें शिखर साडेनऊ हजार फुटांहूनही उंच आहे. त्या काळीं बेटाच्या ईशान्य किनाऱ्यावर देवमाशांपासून तेल काढण्याचे कारखाने होते व त्यांत बहुतेक नॉर्वेजियन लोक काम करीत. परंतु किनारा सोडून आंत कोणी गेलेलें नव्हतें. नकाशावर बेटाचा कांठ तेवढा रेखलेला होता. आंतील भाग कोरा होता.

या कोऱ्या कागदावर पाऊल टाकण्याची पाळी ज्याच्यावर आली तो सर अर्नेस्ट शॅकल्टन हा आयर्लंडांत जन्मलेला प्रसिद्ध दर्यावर्दी. दक्षिण ध्रुवखंड एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत ओलांडावयाचें, या महत्त्वाकांक्षेनें तो १९१४ सालीं ‘एन्ड्युअरन्स’ हें जहाज घेऊन निघाला. जानेवारी १९१५ मध्यें जहाज वेडेल समुद्राच्या बर्फांत अडकलें, कित्येक महिने त्या बर्फाबरोबर वाहत गेलें, आणि शेवटीं बर्फाच्या दाबानें चिरडून २१ नोव्हेंबर १९१५ रोजीं बुडालें. अठ्ठावीस माणसें तरंगत्या बर्फावर उघडीं पडलीं. एप्रिल १९१६ मध्यें तीन होड्यांतून त्यांनीं एलिफंट नांवाचें ओसाड बेट गांठलें. पण त्या बेटाच्या बाजूस कोणतेंही जहाज फिरकत नसे. तेव्हां बावीस माणसें फ्रँक वाइल्ड याच्या हवालीं करून शॅकल्टन पांच सोबत्यांसह २४ एप्रिल रोजीं ‘जेम्स केअर्ड’ नांवाच्या साडेबावीस फुटी होडींतून निघाला. सुमारें आठशें सागरी मैलांचा तो प्रवास जगांतील अत्यंत खवळलेल्या समुद्रांतून झाला. १० मे रोजीं होडी साउथ जॉर्जियाच्या किनाऱ्यास लागली. पण लागली ती नेमकी उलट्या बाजूस! माणसांची वस्ती डोंगरापलीकडे, आणि होडी अलीकडे. होडी पुन्हा समुद्रांत घालण्याजोगी राहिली नव्हती. दोघे सोबती तर इतके खंगले होते कीं, आणखी समुद्रप्रवास त्यांस सोसला नसता. डोंगर ओलांडणें एवढाच मार्ग उरला.

त्या दोघांपैकीं एकाची ओळख येथेंच करून घेतली पाहिजे. त्याचें नांव हॅरी मॅक्निश. हा स्कॉटलंडचा, जहाजावरील सुतार. हाताचा मोठा कसबी, पण जिभेचा तिखट. शॅकल्टनचें व त्याचें फारसें पटत नसे. डिसेंबर १९१५ मध्यें जड होड्या बर्फावरून ओढीत नेण्याचें काम चाललें असतां त्यानें एके दिवशीं पुढें जाण्यास साफ नकार दिला. जहाजच बुडालें तेव्हां नोकरीचा करारही संपला, असें त्याचें म्हणणें. शॅकल्टननें कराराचीं कलमें सर्वांसमोर वाचून दाखविलीं आणि प्रकरण तेथेंच दाबलें. ओढण्याचा तो खटाटोप पुढें थोड्याच दिवसांत सोडून द्यावा लागला. पण सुताराचा तो नकार शॅकल्टनच्या मनांतून कधींच गेला नाहीं.

असें असतांही एलिफंट बेटावर होडी सज्ज करण्याची वेळ आली तेव्हां सर्व भार या सुतारावरच पडला. त्यानें होडीच्या कडा उंच केल्या. खोक्यांच्या फळ्या, घसरगाड्यांच्या पट्ट्या आणि कॅनव्हास यांचें तिच्यावर छत घातलें. फटी बुजविण्यास दुसरें कांहीं नव्हतें, म्हणून चित्रकाराचे तैलरंग आणि सीलचें रक्त वापरण्यांत आलें. हें छत नसतें तर पहिल्याच मोठ्या लाटेसरशीं होडी भरून गेली असती.

आतां डोंगर चढावयाचा होता, आणि त्यासाठीं लागणारें एकही साधन जवळ नव्हतें. बुटांचे तळ झिजून गुळगुळीत झाले होते. मॅक्निशनें होडीचे स्क्रू उपटले आणि बर्फावर पकड यावी म्हणून ते तिघांच्याही बुटांच्या तळव्यांत बसविले. बर्फ फोडण्याची कुऱ्हाड नव्हती. तिच्या जागीं सुताराचा वाकस, म्हणजे लांकूड तासावयाचें हत्यार, घेण्यांत आला. याशिवाय पन्नास फूट दोर, एक लहानसा स्टोव्ह आणि तीन दिवसांचा शिधा. ओझें नको म्हणून अंथरूणपांघरूण मागेंच ठेवलें. शॅकल्टनबरोबर जाणारे दोघे म्हणजे जहाजाचा कप्तान फ्रँक वर्स्ली आणि टॉम क्रीन हा धिप्पाड आयरिश खलाशी. मागें राहणारे तिघे म्हणजे मॅक्निश, व्हिन्सेंट आणि मॅकार्थी. निघण्यापूर्वीं शॅकल्टननें मॅक्निशच्याच रोजनिशींत एक पत्र लिहून मागील मंडळींचा प्रमुख म्हणून त्याची नेमणूक केली. ज्याच्याशीं वाद झाला होता त्याच्यावरच त्यानें विश्वास टाकला.

१९ मे रोजीं पहांटे तीन वाजतां, पूर्ण चांदण्यांत, तिघे निघाले. सुतार सुमारें दोनशें यार्ड त्यांच्याबरोबर चालत गेला. त्यापुढें त्यास चालवेना. हस्तांदोलन करून तो परत फिरला.

तिघेही दोरानें एकमेकांस बांधलेले. शॅकल्टन पुढें, आणि मागून वर्स्ली होकायंत्र पाहून ‘उजवीकडे, डावीकडे’ असें ओरडून सांगे. चढ संपला तेव्हां खालीं धुक्यांतून एक गोठलेलें सरोवर दिसलें, म्हणून ते त्या बाजूस उतरूं लागले. उजाडल्यावर कळलें कीं, तें सरोवर नसून समुद्राची खाडी आहे! उतरलेली सर्व वाट पुन्हा चढावी लागली. पुढें पर्वताची एक धार आडवी आली. हाताचीं बोटें उभीं करावींत तशीं तिच्यावर शिखरें होतीं, आणि शिखरांमधून खिंडी. पहिल्या खिंडींत चढून पाहावें तों पलीकडे सरळ कडा. दुसरींत तेंच, तिसरींतही तेंच. प्रत्येक वेळीं वाकसानें बर्फांत पायऱ्या खोदीत चढावयाचें आणि निराश होऊन उतरावयाचें. चौथ्या खिंडींत पोंचेपर्यंत दिवस मावळत आला. शॅकल्टनच्या अंदाजाप्रमाणें ते त्या वेळीं साडेचार हजार फुटांवर, म्हणजे आपल्या महाबळेश्वराइतक्या उंचीवर होते. मागून धुकें चढत होतें. तंबू नाहीं, पांघरूण नाहीं. तेथें रात्र काढणें म्हणजे गोठून मरणेंच.

पुढचा उतार पायऱ्या खोदीत उतरूं गेल्यास फार वेळ लागणार होता. खालीं काय आहे तें काळोखांत दिसत नव्हतें. कडा असेल, भेग असेल किंवा खडकही असेल. शॅकल्टन क्षणभर थांबला आणि म्हणाला कीं, आतां घसरत जावयाचें. दोराचीं वेटोळीं करून त्यांवर तिघे एकामागें एक, पुढच्यास मिठी मारून बसले आणि त्यांनीं अंग सोडून दिलें. दोनतीन मिनिटांत निदान नऊशें फूट खालीं येऊन ते मऊ बर्फांत थांबले. उभे राहिले, आणि तिघांनींही गंभीरपणें एकमेकांशीं हस्तांदोलन केलें. धाडस आणि अविचार यांमधील सीमा किती बारीक असते, हें या प्रसंगावरून दिसतें. शॅकल्टन मूळचा सावध मनुष्य; पण न उतरणें हाच त्या वेळीं अधिक मोठा धोका होता.

रात्रभर ते चालत राहिले. चंद्रप्रकाशांत एक उपसागर दिसला. हाच आपला मुक्काम, असें समजून ते उतरूं लागले, तों पायांखालीं हिमनदीच्या भेगा लागल्या. कारखान्याच्या बाजूस तर हिमनदी नाहीं! वाट पुन्हा चुकली होती. पुन्हा वर चढणें प्राप्त झालें. पहांटे पांचच्या सुमारास विसाव्यासाठीं खडकाच्या आडोशास बसतांच वर्स्ली व क्रीन यांस झोंप लागली. तिघेही झोंपले तर कोणीच उठणार नाहीं, हें शॅकल्टन जाणून होता. पांच मिनिटें तो जागा राहिला, आणि मग त्यांस हलवून, ‘तुम्ही अर्धा तास झोंपलां, आतां चला,’ असें त्यानें सांगितलें. आपण अर्धा तास झोंपलों या समजुतीनें दोघेही उभारी धरून चालूं लागले. या असत्याबद्दल त्यास कोण दोष देईल!

सकाळीं सात वाजतां मुंबईच्या गिरणगांवांत ऐकूं येई तसा एक आवाज डोंगरापलीकडून आला. कारखान्याचा भोंगा! सतरा महिन्यांहून अधिक काळांत बाहेरच्या माणसांची म्हणून कानीं पडलेली ही पहिली खूण. तरीही अजून बर्फाचा एक भयंकर उतार, एक खाडी आणि आणखी एक डोंगर उरला होता. शेवटीं एका ओढ्यांतून चालतांना वाट धबधब्यावर येऊन थांबली. पंचवीसतीस फुटांचा तो धबधबा दोराच्या आधारानें, थंडगार पाण्याच्या धारेखालून, ते उतरले. दोर तेथेंच राहिला. दुपारीं, छत्तीस तासांच्या चालीनंतर, ते स्ट्रॉमनेस येथें पोंचले. त्यांचा अवतार पाहून समोर आलेलीं दोन मुलें पळून गेलीं. कारखान्याचा व्यवस्थापक शॅकल्टनला पूर्वीं भेटलेला होता. पण त्यानेंही ओळखलें नाहीं. महायुद्ध केव्हां संपलें, असें शॅकल्टननें विचारलें. तें अजून चालूच असून लाखों माणसें मरत आहेत, असें उत्तर मिळालें.

त्याच रात्रीं डोंगरांत हिमवादळ सुटलें. तिघे आणखी एक रात्र वर असते तर जगले नसते. वर्स्ली जहाज घेऊन लगेच पलीकडच्या तिघांस आणावयास गेला. तो दाढी करून स्वच्छ झालेला पाहून त्यांनीं त्यास ओळखलें नाहीं, आणि आपल्यापैकीं कोणीच कसा आला नाहीं, म्हणून कुरकुर केली. एलिफंट बेटावरील बावीस जणांसाठीं मात्र शॅकल्टनला चार वेळां निघावें लागलें. तीन वेळां बर्फानें परतविलें. चौथ्या वेळीं, ३० ऑगस्ट १९१६ रोजीं, लुईस पार्दो याच्या हुकमतीखालील ‘येल्चो’ या चिली देशाच्या लहानशा जहाजानें सर्व बावीस माणसें जिवंत परत आणलीं. ध्रुवखंडाच्या दुसऱ्या बाजूस काम करणाऱ्या त्याच मोहिमेच्या तुकडींतील तिघे मात्र मृत्युमुखीं पडले, हेंही सांगितलें पाहिजे.

शॅकल्टननें पुढें आपल्या ग्रंथांत लिहिलें कीं, त्या वाटेवर आपण तिघे नसून चौघे आहों, असें आपणांस वारंवार वाटे. वर्स्ली व क्रीन यांसही तसाच भास झाला होता. श्रद्धावान् लोकांनीं त्यांत ईश्वराचा हात पाहिला, आणि कवि एलियट यानें १९२२ सालच्या आपल्या काव्यांत त्या अनुभवाचा उपयोग केला. त्या श्रद्धेस धक्का न लावतां इतिहासाच्या वाचकास एवढें म्हणतां येईल कीं, त्या वाटेवर आणखी एक चौथा होता, आणि त्याचें नांवगांव ठाऊक आहे. तिघांच्या प्रत्येक पावलाखालीं त्याचे स्क्रू होते. प्रत्येक पायरी त्याच्या वाकसानें खोदलेली होती.

या चौथ्याचें पुढें काय झालें? मोहिमेंतील लोकांस ध्रुवपदकें देण्याची वेळ आली तेव्हां शॅकल्टननें चौघांचीं नांवें वगळलीं. त्यांत मॅक्निश व व्हिन्सेंट हे होते. बर्फावरचा तो एक नकार त्यास आठवला. होडीचें छत आणि बुटांचे स्क्रू आठवले नाहींत. मोहिमेचा डॉक्टर मॅक्लिन यानेंही हा अन्याय झाल्याचें मत नोंदविलें आहे. मॅक्निश १९३० सालीं न्यूझीलंडमध्यें वेलिंग्टन येथें निर्धन स्थितींत वारला. १९५९ पर्यंत त्याच्या थडग्यावर नांवाचा दगडही नव्हता. शॅकल्टन ५ जानेवारी १९२२ रोजीं साउथ जॉर्जियांतच वारला आणि तेथेंच त्याची समाधि आहे. समुद्राच्या तळाशीं तीन हजार मीटरांवर पडलेलें ‘एन्ड्युअरन्स’ मार्च २०२२ मध्यें सांपडलें, तेव्हां साऱ्या जगानें पुन्हा शॅकल्टनचें नांव घेतलें.

शॅकल्टनचें मोठेपण यामुळें नाहींसें होत नाहीं. मरणाच्या दारांतून ज्यानें अठ्ठावीसही माणसें परत आणलीं, तो मोठाच. पण मोठ्या मनुष्याच्या हातूनही कृतज्ञतेचें माप कधीं उणें पडतें. तें भरून काढणें हें मागाहून येणाऱ्यांचें काम आहे. येत्या थंडींत गडावरून उतरून जी मंडळी आपल्या पराक्रमाच्या गोष्टी सांगतील, त्यांनीं आपली चप्पल शिवून देणाऱ्याचें आणि वाटेची खूण सांगणाऱ्या गांवकऱ्याचेंही नांव त्यांत घ्यावें. मग ती गोष्ट पुरी झाली असें समजावें.