वसईतून परदेशी निघालेली घरं

मागच्या महिन्यात आमच्या गासच्या बचत गटाची मासिक सभा होती. हप्ते जमा झाले, वहीवर सह्या झाल्या आणि एका ताईंनी कर्जाची मागणी मांडली. कारण विचारलं तर म्हणाल्या, "पासपोर्टसाठी." एका एजंटाने त्यांना सांगितलं होतं, "गोव्याच्या लोकांना पोर्तुगालचा पासपोर्ट मिळतो. वसईवरही पोर्तुगीजांचंच राज्य होतं, मग तुम्हालाही मिळेल. आगाऊ पैसे तेवढे भरा."

"अगो, पण जायचं कशाला?" एका मावशींनी विचारलं. ताई म्हणाल्या, "नवरा पहाटेची गाडी पकडतो, रात्री मुलं झोपल्यावर येतो. मुलांना बाप फक्त रविवारी दिसतो. कुठेतरी शांत जगायचंय, एवढंच." यावर कोणी काही बोललं नाही. बहुतेकींच्या घरी तेच चालू आहे.

मी इतिहास घेऊन बी.ए. केलं. त्याचा उपयोग काय, असं सासूबाई नेहमी विचारतात. त्या दिवशी उपयोग झाला. तेच आज तुम्हाला सांगते.

१५३४ मध्ये गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने तहाने वसई पोर्तुगीजांना दिली. पुढे दोनशे वर्षं इथे त्यांची सत्ता होती. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने किल्ला घेतला. शरण आलेल्यांना बायकामुलांसह, सोबत नेता येईल ते सामान घेऊन निघून जायची मुभा तहात मिळाली. वसईतून मुलंबाळं घेऊन निघालेली ती घरं. पण बागा आणि शेतं कसणारे आपले लोक, हिंदू काय आणि ख्रिस्ती काय, इथेच राहिले.

गोव्यात मात्र पोर्तुगीज १९ डिसेंबर १९६१ पर्यंत होते. त्याआधी गोवा, दमण, दीव इथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व मागता येतं. त्या वाटेने कितीतरी गोवेकर घरं इंग्लंडमध्ये स्विंडनसारख्या शहरात जाऊन राहिली. पण भारतात दोन नागरिकत्वं चालत नाहीत, त्यामुळे तिकडचं घेतलं की इकडचं सोडावं लागतं. वसईचा हा धागा त्याच्या २२२ वर्षं आधीच तुटला. एखादीचे आईवडील किंवा आजी-आजोबा गोव्यात जन्मलेले असतील तर गोष्ट वेगळी. नुसतं "आम्ही वसईचे" म्हणून तो पासपोर्ट मिळत नाही.

आता ताईंच्या दुसऱ्या शब्दाकडे येऊ. शांत. आपल्या आज्या सांगतात तेव्हा जुनी वसई फार शांत वाटते. बावखलात पाणी, त्यावर बैलांचा रहाट, पानवेली, केळी, फुलं, उन्हात वाळत घातलेली सुकेळी. ते सगळं होतं. पण १८६७ मध्ये विरारहून मुंबईला गाडी सुरू झाली आणि आपला भाजीपाला, फुलं त्या गाडीने जाऊ लागली. कळ्या खुडायला आणि पाट्या भरायला अंधारात कोण उठत होतं? बायकाच. त्या शांततेत त्यांच्या वाट्याला निवांतपणा किती आला, हे आपापल्या आजीला विचारा.

पुढे इमारती वाढल्या. विहिरींचं पाणी टँकरने जाऊ लागलं, बावखलं बुजली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीने त्याविरुद्ध लोक उभे केले. त्या मोर्चांत तांबडं लुगडं नेसलेल्या आपल्या आज्या चालल्या होत्या. परदेशी जाऊन शांतता शोधायच्या आधी त्यांनी ती इथेच राखायचा प्रयत्न केला, हे विसरायला नको.

जाणं मात्र थांबलं नाही. १९७३ नंतर तेलाचा भाव चढला आणि आखातात कामं निघाली. तेव्हा बहुधा पुरुष एकटा जायचा. बाई इथे मुलं, सासूसासरे आणि वाडी सांभाळायची. आता अख्खं घर जातं. कॅनडाने १९६७ मध्ये शिक्षण, वय, भाषा यांना गुण द्यायची पद्धत आणली आणि २०१५ पासून त्यासाठी एक्सप्रेस एंट्री सुरू केली. तिशीनंतर वयाचे गुण दरवर्षी कमी होतात. पण नवऱ्याच्या अर्जात बायकोचं शिक्षण आणि इंग्रजीसुद्धा मोजलं जातं. म्हणजे आपण फक्त सोबत जाणारं सामान नाही. मग जायचं की नाही, हेही आपल्याला विचारून ठरायला हवं.

आमच्या घरीही हा विषय निघाला होता. तिकडे मुलांना बाप संध्याकाळी भेटेल, हे खरं. पण आजी भेटणार नाही. शेजारीण मूल सांभाळणार नाही, घरातलं सगळं दोघांनीच करायचं. आणि आपली कादोडी मुलांच्या तोंडी किती दिवस राहील? आमचं अजून ठरलेलं नाही.

गटाने त्या दिवशी ठराव केला की एजंटाला द्यायला कर्ज नाही. ताई रुसल्या. पण पुढच्या सभेला आल्या आणि म्हणाल्या, "इंग्रजीच्या परीक्षेच्या क्लासला मिळेल का?" ते आम्ही लगेच मंजूर केलं. त्या जातील किंवा राहतील. क्लासला आता नेमाने जातात, आणि त्या दिवशी लवकर घरी येऊन मुलांना नवरा सांभाळतो.

कोणी पैसे मागितले तर आधी गटात विचारा, मैत्रिणींनो. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.