दोनशे वावांखालची मुशी

संगमेश्वरला सोनवी शास्त्रीला मिळते, तिथे गुडघाभर पाण्यात उतरा आणि एक बुडी मारा. डोकं वर काढाल तेव्हा महामार्गावरचे ट्रक ऐकू येणार नाहीत. साल १८९०. नदी गाळाने भरत चाललेली, मोठी गलबतं आता फुणगूसपाशीच थांबतात. तिथवर चालत जायचं, मग होडीने जयगड, मग मुंबई. खलाशी व्हायला निघालेल्या पोरांची ही नेहमीची वाट.

तुमच्या वाट्याला येते ‘इन्व्हेस्टिगेटर’. मुंबईच्याच गोदीत १८८१ साली बांधलेली, लाकडी, चाकांची आगबोट. काम समुद्र मोजायचं. खोल पाण्यातले जीव गोळा करायचे ते बोटीवरच्या डॉक्टर अल्कॉकनी.

अंदमानचा समुद्र. जाळं दोनशेएक वाव खाली गेलंय. दोन्ही हात पसरले की एक वाव, म्हणजे हिशेब करा. वाफेच्या रहाटावर तारेचा दोर करकरत गुंडाळला जातो आणि जाळं फळ्यांवर रिकामं होतं: नुसता चिखल. डोक्यावर ऊन रणरणतंय आणि चिखल पहाटेच्या विहिरीसारखा गार. तुम्ही हात घालता. बोटांना मऊ काहीतरी लागतं, हातभरही लांब नाही. फिकट तपकिरी अंग, मांजरासारखे लांबट डोळे. शेपटीकडून डोक्याकडे तळवा फिरवता तर कच लागते. आई कढत पाणी ओतून घासून काढायची, तीच.

“मुशी!” तुम्ही म्हणता.

डॉक्टर तिला १८९१ साली ‘हिस्पिडम’ म्हणून छापतील. लॅटिनमध्ये अर्थ खरबरीत, राठ. तुमच्या तळव्याने सांगितलं त्यापेक्षा वेगळं काही नाही. पुढे तिच्या वंशाचं नाव बदलून ‘बायथेलुरस’ होईल, ग्रीकमधली खोल पाण्यातली मांजर. हे मात्र झकास. तिच्या जातभाईंपैकी पुष्कळ जणी अंडी घालतात. ही दोन पिल्लं पोटात वाढवते. जेमतेम छत्तीस सेंटीमीटरची, पण लेकुरवाळी.

डॉक्टर तिला स्पिरिटच्या बरणीत सोडतात. तुमच्या खांद्यावरून बोटीवरचा स्वयंपाकी, भंडारी, डोकावतो. कोकणातलाच माणूस तो. बरणीला बूच बसेपर्यंत बघत राहतो.

“तिखलं झालं असतं रे.”