पर्वतातला बूट : खिळ्यांपासून प्लास्टिकपर्यंत

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा पहिल्या रांगेत दोघं-तिघं हसले, ते आम्ही पाहिलं. तत्त्वज्ञानाचा माणूस, आणि बुटांवर बोलणार! पण तरुणपणी आम्ही हिमालयात एका प्राथमिक अभ्यासक्रमाला गेलो होतो. तिथे भांडारातून जे बूट मिळाले ते एक नंबर लहान होते. तक्रार केली तर उत्तर मिळालं, 'चालून चालून सैल होतील.' बूट काही सैल झाले नाहीत. उतरताना दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडली आणि पुढे गळून गेली. तेव्हापासून या वस्तूबद्दल आम्हाला कुतूहल आहे.

आल्प्समधल्या गिर्यारोहणाच्या सुरुवातीच्या काळात बूट म्हणजे जाड कातडं आणि तळाला ठोकलेले लोखंडी खिळे. पुढे जिनिव्हाच्या फेलिक्स जनकाँ याने दातेरी कडांचे खिळे काढले. त्याचं टोपणनाव 'ट्रायकूनी', तेच नाव खिळ्यांना चिकटलं. खिळे गवतावर, चिखलावर, बर्फावर छान पकड घेतात. पण धातू तो धातूच. तळव्यातून आत गेलेला प्रत्येक खिळा पायाची ऊब बाहेर वाहून नेतो. 1924 साली एव्हरेस्टवर नाहीसा झालेल्या जॉर्ज मॅलरीचा देह 1999 मध्ये सापडला, तेव्हा उजव्या पायात असाच खिळ्यांचा बूट होता.

आता ताठपणाकडे येऊ, कारण सगळी मेख तिथे आहे. बुटाखाली बांधायचे काटे, म्हणजे क्रॅम्पॉन, एकेन्स्टाइन या इंग्रज गिर्यारोहकाने नव्याने आखले आणि कुर्मायरच्या ग्रिवेल या लोहाराने घडवले. ते दहा काट्यांचे होते. 1929 मध्ये लोराँ ग्रिवेलने पुढे दोन आडवे काटे वाढवले. आता उभ्या बर्फात फक्त बुटाचं टोक रोवून उभं राहता येऊ लागलं! 1938 साली आयगरच्या उत्तर भिंतीवर काय झालं बघा. हाइनरिश हारर खिळ्यांच्या बुटांवर होता, त्याच्याकडे क्रॅम्पॉन नव्हतेच. त्याचा जोडीदार कास्पारेककडे जुने दहा काट्यांचे. दोघं बर्फात पायऱ्या खोदत चालले होते. मागून हेकमाइअर आणि फ्योर्ग बारा काटे बांधून आले, आणि भराभर त्यांना गाठलं. पण टोकावर उभं राहायचं तर तळवा लाकडासारखा ताठ हवा. तो वाकला की सगळा भार पोटऱ्यांवर येतो, आणि काटे निसटतात ते वेगळंच.

खडकावर मात्र नेमकं उलट. तिथे पायाला दगड कळायला हवा. म्हणून लोक काय करत, जड बूट पायथ्याशी ठेवत आणि मऊ तळव्याचे हलके जोडे घालून चढत. 1935 मध्ये इटली-स्वित्झर्लंडच्या सीमेवर पुंता रासिका या शिखरावर मिलानची एक तुकडी अशीच गेली आणि हिमवादळात सापडली. बर्फ पडला, मऊ जोड्यांनी उतरता येईना, आणि सहा जण गारठून मेले. त्या सफरीत विताले ब्रामानी होता. त्याने विचार धरला की खडकावरही धरेल आणि बर्फावरही चालेल असा एकच तळवा असला पाहिजे. पिरेलीच्या मदतीने 1937 मध्ये त्याने खोल खाचांचा रबरी तळवा बाजारात आणला. त्याचं नाव 'कारारमातो', म्हणजे रणगाडा. विताले ब्रामानी, म्हणून व्हायब्रम. आज तुमच्या बुटाच्या तळाला जो पिवळा शिक्का दिसतो तो हा.

जाता जाता एक सांगतो. त्याच 1935 साली फ्रायबुर्गमध्ये हायडेगर व्याख्यान देत होते, आणि त्यांनी उदाहरण घेतलं व्हॅन गॉगच्या चित्रातल्या बुटांचं. शेतकरीण शेतात राबते तेव्हा तिला बुटाचं भानच नसतं, त्यातच बुटाचं बूटपण आहे, असा तो विचार. पुढे मायर शापिरोने दाखवायचा प्रयत्न केला की ते बूट शेतकरणीचे नाहीतच, खुद्द चित्रकाराचेच आहेत. तो वाद राहू द्या. चावणारा बूट मात्र दुसरं काही सुचू देत नाही, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

3 जून 1950. अन्नपूर्णेवर मोरिस एर्झोग आणि लुई लाशनाल माथ्याकडे निघाले, पायात एकेरी चामड्याचे बूट. लाशनालला पाय बधिर होताना कळत होतं. तो शामोनीचा वाटाड्या. पाय म्हणजे त्याची भाकरी. तरी तो जोडीदाराला सोडून परतला नाही. पुढे दोघांचीही पायाची बोटं कापावी लागली, एर्झोगची हाताचीही. शिखराच्या गौरवगाथेत लाशनालच्या बुटांचा हिशेब कमी लोक मांडतात. आम्हाला तो महत्त्वाचा वाटतो.

1953 च्या ब्रिटिश मोहिमेने धडा घेतला. उंचीवरच्या बुटांसाठी दोन थरांमध्ये कापोक भरला. कापोक म्हणजे पांढऱ्या सावरीचा कापूस, आपल्याकडे ज्याच्या उशा भरतात तो! तरीही 29 मेच्या पहाटे हिलरींचे बूट दगड झाले होते, कारण रात्री त्यांनी ते काढून ठेवले होते. तेनझिंगनी काढले नव्हते. स्टोव्हवर बूट शेकण्यात दोन तास गेले. पुढे सत्तरीच्या अखेरीस स्कीइंगच्या बुटांवरून प्लास्टिकचे दुहेरी बूट आले. आतला मऊ बूट सुटा काढून रात्री झोपायच्या पिशवीत घेता येऊ लागला, आणि तो प्रश्न मिटला.

मग निवड कशी करायची? चामडं थोडंफार पायाचं होतं, प्लास्टिकचं कवच होत नाही. त्यामुळे भांडारातलं ते वाक्य आता तर मुळीच ऐकू नका. बूट संध्याकाळी घालून बघा, दिवसभरात पाय सुजलेला असतो. पहाडात जे मोजे वापरणार तेच घाला. नाडी न बांधता पाय पुढे सरकवा, टाचेमागे एक बोट जायला हवं. मग नाडी आवळा. आता टाच जागची हलता कामा नये, पण बोटं आत मोकळी हलली पाहिजेत. घट्ट बूट गरम राहतो असं पुष्कळांना वाटतं. खरं तर आवळलेल्या पायात रक्त फिरत नाही आणि हिमदंश तिथूनच सुरू होतो. जाड मोजे कोंबून बूट ऊबदार होत नाही, तोही याच कारणाने. आणि ताठ बूट पावलागणिक वाकत नसल्यामुळे टाच उचलली जाते, फोड तिथेच येतात. म्हणूनच त्याचा तळ जरासा होडीसारखा वळवलेला असतो.

सह्याद्रीत फिरणाऱ्यांनी मात्र या भानगडीत पडू नये. राजगडाच्या कातळावर आणि करवंदीच्या वाटांवर ताठ बूट म्हणजे शिक्षाच. तिथे वाकणारा, पकडीचा जोडाच बरा. पण हिमनदीवर जाणार असाल तर दुकानात अर्धा तास तरी बूट घालून वावरा. दुकानदार कंटाळला तरी चालेल. जिना असेल तर तिथे जा, आणि चढून नव्हे, उतरून बघा; अंगठा पुढे आदळला तर तो जोडा परत द्या.