‘मी मतदान केले’
* लेखिकेचा रोख फेसबुकच्या २०१० मधल्या प्रयोगाकडे आहे. २ नोव्हेंबरला, अमेरिकी काँग्रेसच्या निवडणुकीदिवशी, सुमारे ६ कोटी वापरकर्त्यांना ‘मी मतदान केले’ हे बटण आणि ते आधीच दाबलेल्या मित्रांचे चेहरे दाखवले गेले. चेहरे जास्तीत जास्त सहा. सुमारे सहा लाखांना चेहऱ्यांविना नुसते आवाहन दिसले, जवळपास तेवढ्यांनाच काहीही नाही.

नुसते आवाहन वाया गेले.

जेम्स फाउलर व सहकाऱ्यांनी मतदारनोंदी ताडून पाहिल्या, तेव्हा चेहऱ्यांमुळे पडलेला फरक जेमतेम ०.३९ टक्क्याचा निघाला. तरी मित्रांपर्यंत पोचलेला परिणाम धरून अंदाज ३ लाख ४० हजार जादा मतांचा. बटण दाबून मतदानाला न फिरकलेले महाभागही त्यात सापडलेच. — संपा.