सालमपाकातली सालम

थंडी पडली की आपल्या बडोद्यात मिठाईच्या दुकानांतून अडदियाच्या शेजारी सालमपाक दिसू लागतो. पिढ्यान् पिढ्या येथे राहिलेल्या आम्हा मराठी मंडळींनीही तो आपलासा केला आहे. पण त्यातली 'सालममिश्री' म्हणजे काय, असे विचारले, तर आमच्यापैकी बरेच जण 'खडीसाखरेचाच एखादा प्रकार' असे सांगून मोकळे होतील.

साखरेशी तिचा संबंध नाही. सालम म्हणजे रानात उगवणाऱ्या ऑर्किडचा वाळवलेला कंद. जमिनीत जोडीने वाढणाऱ्या या कंदांना अरबांनी कोल्ह्याच्या वृषणांची उपमा दिली. अरबीत कोल्हा म्हणजे 'सअलब', आणि 'मिस्री' म्हणजे मिस्र देशाचा, इजिप्तचा. त्याचेच आपल्याकडे सालममिश्री झाले. आकारावरून हा कंद वाजीकर मानला गेला आणि औषधांत शिरला.

कंद खणून, उकळत्या पाण्यातून काढून, दोऱ्यात ओवून वाळवीत. इराण-अफगाणिस्तानातून असा माल हिंदुस्थानात येई. त्याची पूड पाण्यात फुगून दाट होते. म्हणूनच तुर्कस्तानात तिचे गरम पेय आणि चिवट आइस्क्रीम बनते. अठराव्या शतकात लंडनच्या रस्त्यांवरही हे पेय विकले जाई. आपल्या हिमालयातल्या उंच कुरणांत याच कुळातला, हाताच्या पंजासारखा कंद मिळतो, तो सालमपंजा. सह्याद्रीतल्या अमरकंदाचाही सालमीऐवजी वापर झाला आहे.

या पौष्टिकपणाची किंमत मात्र रान मोजते. जोडीतला जुना कंद यंदाच्या फुलाला पोसतो आणि नवा पुढच्या वर्षासाठी असतो. खणणारा नेमका तो नवाच नेतो. धुळीएवढ्या बारीक बियांत अन्नसाठा नसतो, विशिष्ट बुरशीची साथ मिळाली तरच त्या रुजतात. एक किलो पुडीसाठी हजार ते चार हजार कंद लागतात. ऑर्किडच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर आज साइट्स कराराचे नियंत्रण आहे.

बाप्पाला दूर्वा वाहताना आपण कोवळे तुरे खुडतो, मूळ राखतो. सालमीच्या बाबतीत आपण मुळालाच हात घातला. येत्या हिवाळ्यात डिंक, मेथी, उडीद घरात असताना सालमीवाचून आपले काय अडणार आहे, याचा विचार आपण सर्वांनी करावा.